चालकविरहित मोटारींनी कोंडी सुटणार नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील चालकविरहित मोटारींवरचा लेख वाचला. या मोटारी आल्या की अपघात घटतील, वाहनतळांची गरज उरणार नाही आणि पुण्या-मुंबईतली वाहतूक कोंडी आपोआप सुटेल, असा त्या लेखाचा एकंदर सूर आहे. मी गेली अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोत राहते. ज्या मोजक्या शहरांत अशा मोटारी भाडे घेऊन प्रवासी नेतात त्यांपैकी हे एक असल्याने त्या आमच्या नेहमीच्या रस्त्यांवर रोज दिसतात. लेखातले अपघातांविषयीचे विधान मला बऱ्याच अंशी पटते. कोंडीविषयीचे विधान मात्र येथल्या अनुभवाशी आणि आजवर झालेल्या अभ्यासांशी जुळत नाही. धोरण ठरवणारे त्यावर विसंबले, तर त्याची झळ बसने आणि पायी प्रवास करणाऱ्यांना बसेल, म्हणून हे पत्र काहीसे सविस्तर लिहीत आहे.

आधी येथील स्थिती सांगते. गुगलने २००९ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पातून २०१६ मध्ये ‘वेमो’ ही स्वतंत्र कंपनी झाली. ॲरिझोनातल्या फिनिक्स परिसरात तिने २०२० पासून, चालकाच्या जागी कोणालाही न बसवता, सर्वसामान्य प्रवाशांना सेवा देण्यास सुरुवात केली. १० ऑगस्ट २०२३ रोजी अशा सेवांना परवाने देणाऱ्या कॅलिफोर्निया राज्याच्या आयोगाने वेमो आणि जनरल मोटर्सची ‘क्रूझ’ या दोन्ही कंपन्यांना सॅन फ्रान्सिस्कोत चोवीस तास भाडे आकारून प्रवासी नेण्याची मुभा दिली. मे २०२४ मध्ये सर्व शहरे मिळून वेमोच्या आठवड्याला सुमारे ५० हजार सशुल्क फेऱ्या होत होत्या. एप्रिल २०२५ पर्यंत त्या अडीच लाखांवर पोचल्या. हा प्रयोगशाळेतला विषय राहिलेला नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत या मोटारींचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. लेझर किरणांनी अंतर मोजणारी उपकरणे, रडार आणि कॅमेरे यांच्या मदतीने ही गाडी चारही दिशांना एकाच वेळी पाहते. ती थकत नाही, दारू पीत नाही, फोनकडे पाहत नाही आणि पिवळा दिवा लागल्यावर वेग वाढवत नाही. कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या धावेची तुलना त्याच शहरांतील माणसांनी चालवलेल्या वाहनांशी केली, तेव्हा पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी आढळले. हे आकडे कंपनीने स्वतःच मांडलेले आहेत, त्यामुळे ते जपून वापरावेत. तरीही झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकताच गाडी थांबते, हा अनुभव येथे पायी चालणाऱ्या कोणालाही येतो. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. ज्या देशात हे घडते, तेथे अपघात कमी करू शकणारे कोणतेही तंत्रज्ञान केवळ नवे म्हणून झिडकारता येणार नाही.

आता कोंडीकडे वळते. यंत्रचालित मोटारींमुळे वाहतूक सुरळीत होते, या दाव्यामागे एक खरा प्रयोग आहे. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ मोटारी सारख्या वेगाने चालवण्यास सांगितले. वाटेत सिग्नल नव्हता, खड्डा नव्हता, वळणावर कोणी आडवे येत नव्हते. तरीही थोड्याच वेळात कोणीतरी किंचित ब्रेक लावला, मागच्याने थोडा जास्त लावला, आणि काही मोटारी पूर्ण थांबण्याची लाट वर्तुळभर मागे मागे सरकू लागली. पुढे ॲरिझोनात अशाच वर्तुळात वीसेक मोटारींमध्ये एकच यंत्रनियंत्रित मोटार सोडली, तेव्हा तिच्या संथ आणि समान चालीमुळे ही लाट विरून गेली. महामार्गावर याचा उपयोग निश्चित होईल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारणाशिवाय थबकणारी रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो लगेच पटेल. शहरातला रस्ता मात्र चौकात अडतो. तेथे किती वाहने पुढे जातील हे सिग्नलच्या वेळेवर, आडव्या रस्त्यावर आणि पादचाऱ्यांच्या हक्कावर ठरते, आणि मोटारीच्या मेंदूत कितीही सुधारणा केली तरी चौकातली ही जागा वाढत नाही.

मुळात किती जागेतून किती माणसे जातात, हे पाहिले पाहिजे. कुठेही न अडणाऱ्या एका मार्गिकेवरून तासाला साधारण १,८०० मोटारी जातात. प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला तर ती २,७०० माणसे झाली. ऐन गर्दीच्या वेळी मुंबईची बारा डब्यांची एकच लोकल चार हजारांहून अधिक प्रवासी नेते. यंत्राच्या अचूकतेमुळे मोटारी एकमेकींच्या अगदी जवळून धावू लागल्या आणि त्या मार्गिकेची क्षमता दुप्पट झाली असे मानले, तरी तासाभराची ती सारी धाव लोकलच्या दोन गाड्यांचीही बरोबरी करत नाही.

शिवाय चालक नसल्यामुळे लोकांच्या वागण्यात जो बदल होतो त्याचा विचार त्या लेखात अजिबात आलेला नाही, आणि माझ्या मते तोच या विषयाचा गाभा आहे. तो आधीच ताडून पाहण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी एक साधी युक्ती केली. चालकविरहित मोटार घरोघरी पोचायला वेळ होता, म्हणून त्यांनी या परिसरातील १३ जणांना आठवडाभरासाठी पगारी चालकच पुरवले. स्वतः गाडी चालवायची नाही, गाडी हवी तेथे पाठवायची, हवी तेव्हा बोलवायची. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या मोटारींची धाव ८३ टक्क्यांनी वाढली, आणि त्या धावेतला लक्षणीय भाग असा होता की गाडीत त्यांच्यापैकी कोणीच नव्हते. गाडी मुलांना आणायला जात होती, विसरलेली वस्तू घ्यायला जात होती, एकाला उतरवून दुसऱ्याला आणायला घरी परतत होती. माणसे १३च होती, त्यामुळे टक्क्यांच्या नेमक्या आकड्याला मी चिकटून बसणार नाही. वाढ कोणत्या दिशेने होते, हे मात्र त्यातून स्वच्छ दिसते. कंटाळा, थकवा आणि गाडी लावायला जागा शोधण्याची कटकट यांमुळे आज माणूस जे प्रवास टाळतो, तेच प्रवास उद्या सहज होऊ लागतील.

या वाढीतला काही भाग आनंदाचा आहे, हे मी मनापासून सांगते. त्या प्रयोगात सहभागी झालेले निवृत्त लोक संध्याकाळनंतर बाहेर पडू लागले. भारतातून मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांची येथे होणारी कुचंबणा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. वाहन चालवता येत नाही, बस दूर, आणि मुलगा किंवा सून मोकळी होईपर्यंत घरात बसून राहायचे. माझ्या सासूबाई आता वेमोतून एकट्या दवाखान्यात आणि मैत्रिणीकडे जातात. दृष्टिहीन व्यक्तींना, अपंगांना, रात्रपाळी संपवून निघणाऱ्या स्त्रियांना या सोयीचे जे मोल आहे ते कमी लेखता कामा नये. पण रस्ता तेवढाच राहतो, आणि अशा प्रवासांना जागा हवी असेल तर दुसऱ्या कशाला तरी आवर घालावा लागेल.

सॅन फ्रान्सिस्कोने ही चूक एकदा केलेली आहे. ॲपवरून बोलावायच्या टॅक्सी आल्या तेव्हा लोक स्वतःच्या मोटारी विकतील आणि रस्ते मोकळे होतील, असेच सांगितले गेले होते. २०१० ते २०१६ या काळात या शहरात कामाच्या दिवशी वाहनांचा कोंडीत वाया जाणारा वेळ ६२ टक्क्यांनी वाढला. संशोधकांनी या टॅक्सी वगळून तोच हिशेब केला, तेव्हा लोकसंख्या आणि रोजगार वाढूनही ही वाढ फक्त २२ टक्के भरली. प्रवासी पायी, बसने किंवा सायकलने गेले असते असे अनेक प्रवास मोटारीत आले, शिवाय पुढच्या प्रवाशाच्या शोधात रिकाम्या गाड्या रस्त्यावर फिरत राहिल्या. त्या गाड्यांना निदान चालक होता. त्याला जेवायचे होते, झोपायचे होते आणि रिकामे फिरण्यात त्याचे पैसे जात होते. यंत्राला यांपैकी एकही बंधन नाही. विजेवर चालणारी गाडी मध्यवस्तीत हळूहळू फिरत ठेवण्याचा ताशी खर्च तेथील वाहनतळाच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी पडतो, म्हणून पैशांचा हिशेब करणारा मालक गाडी उभी न करता फिरवत ठेवील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच सांताक्रूझ येथील एका अभ्यासकाने दाखवले आहे की अशा दोन हजार मोटारी सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यभागी घिरट्या घालू लागल्या तर वाहतुकीचा वेग ताशी दोन मैलांच्याही खाली येईल. वाहनतळ ओस पडतील हे लेखातले भाकीत कदाचित खरे ठरेल. पण तेथल्या गाड्या तेव्हा रस्त्यावर असतील.

मोटारींची संख्या आणि मोटारींची धाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच बरेच गैरसमज पसरले आहेत. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०१५ मध्ये लिस्बन शहराचे गणिती प्रारूप तयार केले. अनेक प्रवासी एकत्र नेणाऱ्या चालकविरहित गाड्या आणि जोडीला मेट्रो असेल, तर आजच्या दर दहा मोटारींपैकी नऊ नाहीशा होऊ शकतात, हा त्यातला निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो. त्याच प्रारूपातला उरलेला भाग क्वचितच ऐकू येतो. या सर्वोत्तम परिस्थितीतही एकूण धाव सुमारे ६ टक्क्यांनी वाढते. आणि मेट्रो नसेल व प्रत्येक प्रवासी स्वतंत्र गाडीने जाणार असेल, तर ती ८९ टक्क्यांनी वाढते. तंत्रज्ञान दोन्ही बाबतींत एकच आहे. मोठ्या क्षमतेची सार्वजनिक वाहतूक शाबूत आहे का, आणि लोक जागा वाटून घेतात का, यावर सगळे ठरते.

रस्त्यावरच्या काही घटनाही सांगणे भाग आहे. २०२३ मध्ये येथील अग्निशमन दलाने चालकविरहित मोटारींमुळे कामात अडथळा आल्याच्या पन्नासहून अधिक घटना नोंदवल्या. गाडी बंबाच्या वाटेत थांबे आणि तिला बाजूला घ्यायला आत कोणीच नसे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एका पादचारी स्त्रीला दुसऱ्या, माणसाने चालवलेल्या मोटारीने उडवले आणि ती क्रूझच्या मोटारीपुढे पडली. मोटार थांबली, पण नंतर रस्त्याच्या कडेला जाण्याच्या आज्ञेप्रमाणे तिला सुमारे वीस फूट फरफटत घेऊन गेली. त्याहून गंभीर बाब अशी की या फरफटीची माहिती कंपनीने सरळपणे दिली नाही. राज्याने तिचा परवाना निलंबित केला, पुढे खोटा अहवाल दिल्याचे तिने मान्य केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने ही टॅक्सीसेवाच गुंडाळली. २० डिसेंबर २०२५ रोजी शहराच्या मोठ्या भागातली वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या अनेक मोटारी चौकांतच उभ्या राहिल्या. अखेर कंपनीला सेवा थांबवावी लागली. माणसे अशा वेळी हात करून, एकमेकांकडे पाहून वाट काढतात. आपल्या शहरांत पावसाळ्यात किती सिग्नल बंद असतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

या सर्व घटनांमध्ये शहराची महापालिका हतबल होती. अग्निशमन प्रमुखांनी आणि वाहतूक विभागाने जाहीर विरोध केला होता, पण परवाना देण्याचा अधिकार राज्याच्या संस्थांकडे असल्याने त्यांचे ऐकून घेतले गेले एवढेच. महाराष्ट्रात तर हे दुखणे आधीपासूनच आहे. मोटार वाहन कायदा केंद्राचा, परवाने राज्याच्या परिवहन खात्याचे, वाहतूक पोलीस गृहखात्याचे. रस्ता मात्र महापालिकेचा, आणि बस तोट्यात गेली तर तो भारही तिच्याच माथी. ज्या संस्थेला कोंडीचे परिणाम भोगावे लागतात तिच्या हातात कोंडी वाढवणाऱ्या वाहनांविषयी काही ठरवण्याचा अधिकार नाही.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात स्पष्ट सांगितले की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा मोटारी ते भारतात येऊ देणार नाहीत. ही काळजी रास्त आहे. टॅक्सी आणि रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या लाखो कुटुंबांचा प्रश्न तंत्रज्ञानाच्या कौतुकात बुडवता येणार नाही. परंतु मंत्र्यांचे आश्वासन म्हणजे कायदा नव्हे, आणि उद्या दुसरे मंत्री दुसरे आश्वासन देतील. नोकऱ्यांवरची चर्चा निदान सुरू तरी आहे. रस्त्याच्या जागेवरची सुरूच झालेली नाही, म्हणून मी तिच्यावर भर देत आहे.

पादचाऱ्यांविषयी मला वाटणारी धास्तीही येथे नोंदवते. मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी येथे उबरच्या चाचणी मोटारीखाली सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या स्त्रीचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला तपासात आढळले की माणूस क्रॉसिंग सोडूनही रस्ता ओलांडू शकतो, ही शक्यताच त्या मोटारीच्या रचनेत धरलेली नव्हती. आजच्या मोटारी त्याहून खूप पुढे गेल्या आहेत. मात्र लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादर स्थानकाबाहेर, जेथे माणसे सर्व बाजूंनी रस्ता ओलांडतात, तेथे प्रत्येक माणसासाठी थांबणारी मोटार हलणारच नाही. आणि मग मोटार सुधारण्याऐवजी माणसांना कठड्यांमागे कोंडण्याची मागणी पुढे येईल. अमेरिकेत हे पूर्वी घडले आहे. लॉस एंजेलिसने १९२५ मध्ये वाहतुकीचे नियम करून पादचाऱ्यांना क्रॉसिंगपुरते बांधून टाकले आणि त्याचे अनुकरण देशभर झाले. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२३ पासून सुरक्षितपणे रस्ता ओलांडणाऱ्याला दंड करणे थांबवले, म्हणजे ती गाठ सोडवायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

यावर उपाय आहेत आणि ते गूढ नाहीत. सिंगापूरने १९७५ पासून मध्यवस्तीत येणाऱ्या मोटारींकडून शुल्क घेतले, लंडनने २००३ पासून, आणि न्यूयॉर्कने जानेवारी २०२५ पासून दिवसा ९ डॉलर घेण्यास सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोत ॲपवरच्या फेऱ्यांवर २०२० पासून कर आहे, परंतु तो भाड्यावर आकारला जातो. रिकाम्या गाडीला भाडे नसते, त्यामुळे नेमकी जी धाव रोखायला हवी तीच त्यातून सुटते. महाराष्ट्राने तर उलटी वाट धरली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला आणि मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. मोटारीतल्या माणसाला सूट आणि बसमधल्या माणसाला दुप्पट भाडे, हे ज्या राज्यात काही महिन्यांच्या अंतराने घडते, तेथे चालकविरहित मोटार आल्यावर रस्ता कोणाच्या वाट्याला जाईल, याविषयी मला गंभीर चिंता वाटते. देशातली पहिली जलद बस मार्गिका डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात सुरू झाली होती. तिची हेळसांड झाली, पुढे काही ठिकाणी अशा मार्गिका उखडल्या गेल्या, आणि मोटारींची गर्दी हेच कारण त्यासाठी पुढे केले गेले.

म्हणून राज्य शासनाला माझी विनंती आहे की पहिली मोटार येण्याची वाट न पाहता नियम आधी करावेत, कारण हजारो मोटारी उतरवून बसलेल्या कंपनीवर नंतर बंधन घालणे किती अवघड असते ते आम्ही येथे पाहिले आहे. प्रवासी नसलेल्या प्रत्येक किलोमीटरवर, प्रवासी असलेल्या किलोमीटरपेक्षा जास्त शुल्क असावे आणि ते सरळ त्या शहराच्या बससेवेकडे जावे. बसच्या मार्गिकेत आणि थांब्यावर या मोटारींना थांबता येऊ नये. प्रत्येक गाडी कुठे धावली, कुठे अडली आणि कोणाला धडकली याची संपूर्ण माहिती ठरावीक मुदतीत शहराला मिळावी, आणि ती दडवली तर परवाना रद्द व्हावा. गाड्यांची संख्या, त्यांचे क्षेत्र आणि त्यांच्या वेळा ठरवताना महापालिका, अग्निशमन दल आणि बससेवा यांची लेखी संमती असल्याशिवाय परिवहन खात्याने परवाना देऊ नये, आणि ही तरतूद केवळ परिपत्रकात न ठेवता कायद्यात करावी.

आपली,
एक नियमित वाचक,
सॅन फ्रान्सिस्को